कोंडाबाईची निवळी

करंजदऱ्यात गेलात आणि कुणाच्या परड्यात कोंबडीनं घातलेलं अंडं दिसलं, तर त्याला हात लावू नका. कुडाबाहेर उभे राहा, घरच्या बाईला हाक मारा आणि मागा. ती देईल किंवा देणार नाही. नाही दिलं तर गुमान वाटेला लागा, कारण तिथल्या बाईनं एकदा ‘न्हाई’ म्हटलं की तिचा नवरासुद्धा मधे पडत नाही. हे असं का, ते सांगतो. गोष्ट फार जुनी आहे. माझ्या पणज्यानं ती ऐकली तेव्हाच ती जुनी झालेली होती.

त्या काळी करंजदऱ्यात दारोदार कोंबड्या असायच्या, पण या कोंबड्या कुणाच्या असं विचारलं तर बाया म्हणायच्या, ‘दौऱ्याच्या’. वर्षातून दोनदा मोठा अंमलदार घोड्यावर बसून यायचा. ओढ्याकाठच्या आमराईत त्याचे तंबू पडायचे, आणि तंबू पडायच्या आधी सुभाना कोतवाल मोठं डालगं घेऊन घरोघर फिरायचा. अंडी उचलायचा, कोंबड्या धरायचा. विचारायची पद्धतच नव्हती. बाया कोंबड्या कणगीत लपवायच्या, उतरंडीमागं कोंडायच्या, आणि कोतवाल दारावरून पुढं गेला रे गेला की नेमका आतून कोंबडा आरवायचा. मग कोतवाल हसत मागं फिरायचा.

असं पिढ्यान् पिढ्या चाललेलं. शेवटी लोकांनी कोंबडीला जीव लावणंच सोडलं. जगली तर दौऱ्याची, मेली तर घारीची. आणि याचा कुणाला राग येत नसे, हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

अशा गावात कोंडाबाई लग्न होऊन आली. तिचं माहेर लोणाऱ्यांचं, म्हणजे चुन्याच्या भट्ट्या लावणाऱ्यांचं. बाकीच्या नव्या नवऱ्या पितळी भांडी घेऊन येतात, हिनं बापाच्या भट्टीतली गोणीभर चुनकळी आणली. सासूनं गोणीत हात घालून पाहिला आणि विचारलं, “संसाराला आलीस का भिंती रंगवायला?”

“दोन्हीला,” कोंडाबाई म्हणाली.

सासू काय समजायचं ते समजली. पुढं सासू वारली, नवरा दगडाच्या खाणीत दरडीखाली गेला, आणि घरात उरल्या दोघी, कोंडाबाई आणि तिची पाच वर्षांची रंगी. रंगीच्या ओच्यात कायम एक पिवळं पिल्लू असायचं. त्याचं नाव तिनं चंद्री ठेवलं होतं.

एका आषाढात रंगीला ताप आला. ताप उतरला, पण पोर काही उठेना. गावच्या म्हाताऱ्या सुईणीनं तिचे हात चाचपून पाहिले आणि सांगितलं, “हिच्या पोटात रोज येक अंडं जाऊ दे. म्हैन्यात धावाय लागंल.”

कोंडाबाई डोक्यावर घोंगडं घेऊन घरोघर हिंडली. पण झडीचा पाऊस, गारठा, कोंबड्या पिसं झाडून कोपऱ्यात बसलेल्या. अख्ख्या गावात अंडं नव्हतं. चैत्रात मात्र इतकी होती की दोन डालगी तंबूकडं गेली आणि मागं राहिलेली वैशाखाच्या उन्हात नासली. कोंडाबाईनं स्वतःच्या हातानं अकरा अंडी उकिरड्यावर फेकली होती. त्या दिवसांत ती रंगीच्या उशाशी बसायची आणि तिच्या डोळ्यांपुढं ती अकरा अंडी यायची. नागपंचमीच्या दिवशी रंगी गेली.

असं म्हणतात की कोंडाबाई रडली नाही. मला ते खरं वाटत नाही. रडली असेल, पण लोकांदेखत नाही. लोकांदेखत ती पाणवठ्यावर एवढंच बोलली, “चैत्रातलं अंडं मी श्रावणात आणीन.” बायांना वाटलं, पोरीच्या दुःखानं हिचं डोकं फिरलं. त्यांनी तिची घागर भरून दिली आणि हळूच एकमेकींकडं पाहिलं.

पण डोकं फिरलं नव्हतं. तिला लहानपणीचं काही आठवलं होतं. बापाच्या भट्टीवर चुना विरवायचा एक हौद होता. त्यात एकदा कोंबडीचं अंडं पडलं, आणि पडलं ते पडलंच. सात-आठ महिन्यांनी हौद उपसताना ते सापडलं. बापानं गंमत म्हणून ते तापल्या दगडावर फोडलं, तर पिवळा बलक अख्खाच्या अख्खा, वासाचं नाव नाही. ते अंडं कोंडाबाईनंच खाल्लं होतं. तेव्हा ती रंगीएवढी होती.

मग तिनं लग्नातली गोणी सोडली. चुनकळीवर पाणी ओतलं. ती फसफसली, फुटली, उकळली. कोंडाबाईनं तिला हात लावला नाही. दोन दिवस गार होऊ दिली, चुना तळाला बसू दिला, आणि वर जे स्वच्छ पाणी आलं ते अलगद काढून घेतलं. त्या पाण्याला निवळी म्हणतात. घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात तिनं सात मडकी गळ्यापर्यंत जमिनीत पुरली, फाल्गुनात त्यांत निवळी भरली आणि रोजची ताजी अंडी एकेक करून आत सोडायला लागली.

तिचे नेम कडक होते. दोन अंडी एकमेकांवर हळूच टिचकवायची. खणखणीत वाजलं ते मडक्यात, बद्द वाजलं ते आजच्या तव्यावर. मळकं असेल तर आजच खायचं, पण धुवायचं नाही. कोंबडी अंड्याला अंगावरचा पापुद्रा देऊन पाठवते; तो गेला की नुसत्या कवचातून वारा आत शिरतो. आणि अंडी कायम निवळीच्या खाली बुडालेली राहिली पाहिजेत.

आता कोंबड्यांना घालायचं काय? घरात तिच्याच भाकरीला पीठ पुरत नव्हतं. असं म्हणतात की तिनं कोंबड्यांना जन्मात दाणा दाखवला नाही. दिवस मावळताना ती फुटकं मडकं घ्यायची, त्यात ओलं शेण आणि तरटाचा तुकडा कोंबायची आणि वारुळाच्या तोंडावर ते पालथं घालून यायची. सकाळी मडकं वाळवीनं भरलेलं असायचं. ते अंगणात झटकलं की कोंबड्या चारी वाटांनी धावत यायच्या. ओढ्यावरची उंबरं, शेंदाडाच्या बिया, टाकळ्याचा पाला, खळ्यावरची झाडलोट, शेजारणीनं फेकलेला चाळणीतला कोंडा, सगळं ती ओच्यात घालून आणायची. खाल्लेल्या अंड्यांची टरफलं भाजून, कुटून परत कोंबड्यांनाच घालायची, आणि माहेरच्या डोंगरातली चुनखडी बारीक फोडून वर टाकायची. त्यानं कवच टणक होतं. गावानं तिच्या नावावरून चेष्टा केली, की जिच्या नावातच कोंडा आहे तिच्या कोंबड्यांना दाणा कशाला. ती चेष्टा तिला आवडली. ती सगळ्यांना स्वतःच सांगत सुटली.

पहिल्याच श्रावणात तिनं मडकं उघडलं आणि आळीतल्या तापातून उठलेल्या दोन पोरांना अंडी दिली. पोरं उठली. पण “श्रावणात अंडं?” म्हणून लोकांनी नाकं मुरडली. कोंडाबाई म्हणाली, “माझी रंगी श्रावणातच नेली. श्रावणानं माझ्याशी सोवळं पाळलं न्हाई, मी त्येच्याशी पाळत न्हाई.”

वर्षं गेली. कोंबड्या पंचवीस झाल्या. माझा आजा चाळीस सांगायचा, आणि वरच्या आळीचा म्हातारा सात विसा, म्हणजे एकशे चाळीस म्हणतो, पण त्याला मोजता येत नाही. रंगीची चंद्री आता जुनी झाली होती, तरी दिवसाआड अंडं देत होती.

मग ते कोरडं वर्ष आलं. पावसानं दडी मारली, कणग्या तळाला गेल्या. लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, उरल्या त्या उपाशी मेल्या. चैत्रात दौऱ्याची वर्दी आली आणि गावात कोंबडी होती ती फक्त कोंडाबाईकडं. रावजी पाटलांना घाम फुटला. अंमलदाराला काय वाढायचं? त्यांनी दवंडी पिटवली, की दुष्काळात दाणा माणसाचा आहे, जो कोंबडीला दाणा घालील त्याच्या कोंबड्या चावडीत जमा. दवंडी गावभर फिरली, पण ती कुणासाठी होती हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

सुभाना कोतवाल डालगं घेऊन आला. कोंडाबाईनं काही लपवलं नव्हतं. ती कुडाच्या दारात आडवी उभी होती आणि तिच्या मागं कोंबड्या राजरोस उकरत होत्या.

“वयनी, सरका,” कोतवाल म्हणाला.

“न्हाई.”

सुभाना कोतवालाला हा शब्द नवा होता. शिव्या, रडणं, हातापाया पडणं हे सगळं त्यानं ऐकलं होतं. नुसतं ‘न्हाई’ कधी ऐकलं नव्हतं. रिकामं डालगं घेऊन तो परत गेला आणि पाटलांना घेऊन आला. पाटलांबरोबर अंमलदारही आला, आणि त्यांच्यामागं सगळा गाव आला.

पाटील म्हणाले, “कोंडे, गावात मानसं वाळून चाललीत, आन् तुझ्या कोंबड्या गुबगुबीत. दाणा कुटं लपवलास?”

“माझ्या कोंबड्यांनी दाणा बघितल्याला न्हाई, पाटील.”

“मग काय वारा खात्यात?”

कोंडाबाई म्हणाली, “कोंबडीच्या गळ्याखाली पिशवी असती. सकाळपस्नं खाल्ल्यालं सगळं तितं असतं. येक कोंबडी कापा आन् बघा. ज्वारीचा येक दाणा निघाला तर समद्या घिऊन जावा, वर मला चावडीत बांधा. पर न्हाई निघाला तर आजपस्नं ह्या गावात कुनाच्या बी परड्यातली कोंबडी आन् अंडं बाईला इचारल्याबिगर कुनी उचलायचं न्हाई. मागायचं. कुडाभाईर उभं ऱ्हाऊन मागायचं.”

अंमलदार मिशीतल्या मिशीत हसला. त्याला आजवर कुणी अट घातली नव्हती. “मंजूर,” तो म्हणाला. “कोंबडी पाटील निवडतील.”

पाटलांनी परड्यात नजर फिरवली. कोंडाबाईचे डोळे कुठं जातात ते त्यांनी बरोबर हेरलं आणि बोट दाखवलं ते चंद्रीकडं.

चंद्री म्हणजे रंगीच्या ओच्यातलं पिल्लू; घरात रंगीचं म्हणून तेवढंच उरलं होतं. आता मागं फिरली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. तिनं कोतवालाकडं पाहिलं, त्याच्या हातातल्या डालग्याकडं पाहिलं, आणि मग वाकून चंद्रीला उचललं. “दुसऱ्या कुनाची सुरी हिला लागायची न्हाई,” ती म्हणाली. आत गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात परात होती आणि डोळे लाल होते.

सगळ्यांसमोर तिनं ती पिशवी चिरली. वाळवी निघाली. उंबराच्या बिया निघाल्या, शेंदाडाच्या बिया निघाल्या, एक अर्धा नाकतोडा निघाला. पाटील परातीवर वाकले. त्यांनी बोटानं सगळं उलटंपालटं केलं, आणि एकदम एक पांढरा, गोल कण चिमटीत धरून वर केला.

“ज्वारी,” पाटील ओरडले. “ह्यो बगा दाणा.”

सुभाना कोतवालानं डालगं पुढं केलं. कोंडाबाई मात्र शांतपणे म्हणाली, “दाणा आसंल तर चावून दावा.”

पाटील जोशात होते. त्यांनी तो कण दाढेखाली न घेता पुढच्याच दातांत धरला, गावाला नीट दिसावा म्हणून, आणि कचकन चावला. आवाज आला. पाटलांनी तोंडावर हात दाबला, आणि हात काढला तेव्हा त्यांच्या तळव्यावर तो कण जसाच्या तसा होता आणि शेजारी त्यांचा पुढचा दात.

चुनखडीचा खडा होता तो.

“ज्वारीनं दात पडत न्हाई, पाटील,” कोंडाबाई म्हणाली.

असं म्हणतात की त्या दिवशी करंजदरा एवढा हसला की आमराईतली घोडी दावं तोडून पळाली. हसला खरा, पण बाया हसत नव्हत्या. त्या कोंडाबाईच्या परातीकडं पाहत होत्या. तिनं चंद्रीचं पोट उघडलं, तर आत एक पूर्ण झालेलं, दुसऱ्या दिवशी घातलं जाणारं अंडं होतं. कोंडाबाईनं ते पदरात घेतलं, आत जाऊन सातव्या मडक्यात एकटंच सोडलं आणि वर दगड ठेवला.

अंमलदार शब्दाचा पक्का निघाला. त्यानं गावासमोर सांगितलं, “बाईची अट आजपासून चालू.” मग तो स्वतःच कुडाबाहेर गेला, उभा राहिला आणि जरा मोठ्यानं म्हणाला, “बाई, आमच्या जेवणाला चार अंडी द्याल का?”

सगळ्यांना वाटलं, एवढा मोठा माणूस मागतोय, आता ही देईल. कोंडाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “ही श्रावणातल्या पोरांची हायेत. तुमास्नी मिळंल कुटंबी.”

अंमलदारानं त्या दिवशी आमराईत भाकरी आणि लसणीची चटणी खाल्ली. कुणी म्हणतं त्याला राग आला, कुणी म्हणतं त्यानं चटणी दोनदा मागून घेतली. एवढं खरं की पुढच्या दौऱ्याला डालगं फिरलं नाही.

मग बाया कोंडाबाईकडं यायला लागल्या. तिनं पहिल्यांदा प्रत्येकीला दोन-दोन कोंबड्या दिल्या, मग चुना कसा विरवायचा, वारुळावर मडकं कसं घालायचं ते दाखवलं. पाटलीणबाईंनी मात्र तिच्या दारात जायचं नाही असं ठरवलं. अंडी माहेराहून आणवली आणि एका बाईकडून वाटेत विचारून घेतलं, चुना आणि पाणी, बस. घरात स्वच्छतेचा फार दंडक. त्यांनी अंडी राखेनं आणि काथ्यानं पितळी तांब्यासारखी लखलखीत घासली, आणि चुनकळी रटरट उकळत असतानाच त्यात सोडली. निम्मी तिथंच शिजून फुटली. उरलेली ज्येष्ठात अशी नासली की चावडीवर माणूस बसेना, आणि पाटलांच्या घरची बाजली पंधरा दिवस अंगणात होती.

पुढं पाऊस आला, पण पिकाला अजून अवकाश होता. आषाढ उपाशी गेला, श्रावण उजाडला. कोंडाबाईनं मडक्यांवरचे दगड काढले. गावातल्या प्रत्येक पोराला दिवसाला एक अंडं. ती स्वतः दारोदार जाऊन द्यायची आणि पोराच्या तोंडात गेलेलं बघूनच हलायची. पाटलांच्या घरानं तेवढं तिला दार उघडलं नाही. असं म्हणतात की सहा मडकी रिकामी व्हायची आणि सकाळी पुन्हा भरलेली असायची. मला विचाराल तर गावच्या बायांची मडकी त्यात मिसळलेली असणार, पण म्हाताऱ्यांपुढं हे बोलायची सोय नाही. सातवं मडकं तिनं उघडलं नव्हतं.

नागपंचमीच्या दिवशी, दुपारच्या पावसात, कुडाबाहेर कुणीतरी येऊन उभं राहिलं. कोंडाबाईनं दारातून पाहिलं. रावजी पाटील होते. डोक्यावर घोंगडं होतं. कुडाचं दार उघडंच होतं, पण त्यांनी आत पाऊल टाकलं नाही.

“कोंडाबाय,” ते म्हणाले. दात गेल्यापासून त्यांच्या बोलण्यात शिट्टी वाजायची. “माझा सर्जा. नातू. चार दिस झालं, डोळं उघडत न्हाई. सुईण म्हणती, अंडं.”

पाऊस त्यांच्या घोंगड्यावरून गळत होता. त्यांना वाटत होतं की आता ही न्हाई म्हणणार, आणि ती म्हणाली तर त्यांना परत जावं लागणार होतं. तसा नियम होता, आणि त्याला ते स्वतः साक्षीला होते. कोंडाबाईलाही वाटलं, म्हणावं. तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता, आणि तो तिच्या हक्काचा होता.

ती आत गेली. सहा मडक्यांत सकाळचं वाटून काही उरलं नव्हतं. तिनं सातव्याचा दगड बाजूला केला, निवळीत कोपरापर्यंत हात घातला आणि चंद्रीचं शेवटचं अंडं काढलं. ते घेऊन ती पावसात कुडापर्यंत आली.

“मागितलं म्हणून देते,” ती म्हणाली.

पाटलांनी ते दोन्ही हातांत घेतलं. असं म्हणतात की अंडं फोडलं तेव्हा त्यात दोन बलक होते. सर्जा तिसऱ्या दिवशी उठून बसला आणि पुढं म्हातारा होऊन मेला. त्याचे वंशज आजही करंजदऱ्यात आहेत, आणि त्यांच्यातल्या एकानंच मला दाताची गोष्ट सांगितली.

कोंडाबाई कधी गेली ते कुणाला माहीत नाही. तिचं देऊळ नाही, समाधी नाही. पण फाल्गुनात करंजदऱ्यातली प्रत्येक बाई एक मडकं निवळीनं भरते. त्यात पहिलं अंडं घरातली लहान मुलगी सोडते. त्याला रंगीचं अंडं म्हणतात. नागपंचमीला मडकं उघडतात, आणि ते अंडं आळीतल्या सगळ्यात अशक्त पोराला देतात, मग ते पोर कुणाचंही असो. श्रावण पाळणारे त्या दिवशी तोंड फिरवून उभे राहतात, पण अडवत कुणी नाही.

आणि अंडं मागायचं असेल तर आजही कुडाबाहेर उभं राहतात. सरपंच राहतो, मत मागायला आलेला पुढारी राहतो, जावईसुद्धा राहतो. मी मागच्या साली गेलो तेव्हा एका दारात सहा वर्षांची पोरगी होती. मी म्हटलं, “बाळ, एक अंडं देतेस का?” तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं.

“न्हाई,” ती म्हणाली. आतून तिच्या आजीचा समाधानी हुंकार ऐकू आला.